पावसाची वही

पहाटे ४.४०

गजराच्या आधीच जाग आली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, अंगणातलं पाणी हात लावता येणार नाही इतकं गार. चहा व्हायच्या आत लॅपटॉप उघडला, डिजिटल सहीचं डोंगल लावलं आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर अडकलेली दोन देयकं मंजूर करून टाकली. दुपारी तासभर गोल फिरणारं चाक पहाटे पाच मिनिटांत थांबतं. आमच्या नोकरीतल्या बहुतेकांनी आपली झोप त्या चाकाच्या वेळेला बांधून घेतली आहे.

मी ग्रामसेवक. २०२४ मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावाच्या तोंडी आधीही ‘भाऊसाहेब’ होतं आणि आजही तेच आहे. सतरा वर्षांत चार गावांचं दप्तर सांभाळलं. आत्ताचं गाव पाथर्डीकडच्या डोंगरातलं. मार्च उजाडला की टँकरचा प्रस्ताव, ऑक्टोबर संपला की ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं. आज सरपंचताई, शाळेचे गुरुजी, पंचायतीचा शिपाई आणि नऊ शेतकरी घेऊन दुष्काळातून सावरलेल्या हिवरे बाजारला जायचं आहे. कागदावर त्याला अभ्यासदौरा म्हणतात. मी स्वतःपुरता एकच प्रश्न घेऊन निघालो आहे: ज्या योजना त्यांच्याकडे गेल्या त्याच आमच्याकडेही आल्या, मग आमच्याकडे त्या कुठे जिरल्या?

५.३०

जीप भरली. मागे पानतंबाखू निघाली, पुढे ताईंनी शाल डोक्यावरून घेतली. करंजी घाट उतरेपर्यंत कोणी फार बोललं नाही. मग मागून आवाज आला, “भाऊसाहेब, तिथं सरकारनं पैसा ओतला म्हणून झालं. आपल्याला कोण देतंय?”

हा समज मी प्रत्येक गावात ऐकला आहे आणि म्हणून आकडा पाठ करून ठेवला आहे. १९९५ ते २००० या पाच वर्षांच्या आराखड्यात हिवरे बाजारच्या पाणलोटावर झालेला खर्च सुमारे ४२ लाख रुपये. सुमारे हजार हेक्टर क्षेत्र, म्हणजे हेक्टरी चार हजारांच्या आसपास. त्या काळातही ही रक्कम डोळे दिपवणारी नव्हती. मी तो आकडा सांगितला. मागे थोडा वेळ शांतता. मग एकानं विचारलं, “आपल्या गावात आजवर किती आले असतील?” मी उत्तर दिलं नाही. दप्तर माझ्याकडे आहे, त्यामुळे उत्तर मला माहीत होतं.

७.५०

नगर मागे टाकून कल्याण रस्त्याला लागलो, तो सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीत, मध्येच कांद्याच्या वाफ्यांना पाणी चालू. गावात शिरताना पहिली जाणवते ती झाडी. आमच्या गुरुजींनी काच खाली केली आणि पुन्हा वर केलीच नाही.

आधी हे गाव काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर या झाडीला अर्थ राहत नाही. एके काळी पैलवानांचं गाव म्हणून पंचक्रोशीत नाव. डोंगरावरची झाडं सरपणाला गेली, माती वाहून गेली, आणि १९७२ च्या दुष्काळानं उरलंसुरलं मोडलं. तरणी माणसं मजुरीला पुण्या-मुंबईकडे, मागे राहिलेल्यांच्या हाताला दारूच्या भट्ट्या. बावीस भट्ट्या होत्या असं सांगतात. सरकारी नोकराची इथं बदली झाली की ती शिक्षा समजली जायची. हे वाक्य मी कुठेही वाचलं की थांबतो, कारण आमच्या खात्यात आजही अशी गावं आहेत आणि त्यांची नावं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. शिक्षा म्हणून आलेला माणूस दप्तर लिहितो, गाव बघत नाही. मीही माझ्या दुसऱ्या गावात तसाच वागलो होतो.

१९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण; घरच्यांना तो शहरात नोकरीला लागावा असं वाटत होतं. पहिली कामं पाण्याची नव्हती. शाळेची होती. आधी शाळा नीट करायची, मग बाकीचं, हा क्रम मला आजही फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे पहिलं काम नेहमी प्रवेशद्वाराच्या कमानीचं असतं.

८.३०

डोंगराची चढण. समतल चर बघायला सगळे एका रांगेत चालले. चरांमध्ये आता गवत आणि पालापाचोळा इतका साठला आहे की दाखवल्याशिवाय ते ओळखू येत नाहीत. या डोंगरांवर सुमारे ४०,००० चर खोदले गेले. काही काम श्रमदानातून, काही रोजगार हमीतून. सामाजिक वनीकरण विभागाच्या मदतीनं सत्तरएक हेक्टर उजाड वनक्षेत्र १९९३ च्या सुमारास पुन्हा हिरवं व्हायला लागलं. पाणी डोंगरावरून धावत यायचं ते चालत यायला लागलं, एवढंच या चरांचं काम.

मी एका चराच्या कडेला बसलो. रोजगार हमीचं नाव निघालं की मला माझे वडील आठवतात. बहात्तरच्या दुष्काळात ते बारा वर्षांचे होते. आईबापाबरोबर खडी फोडायला जायचे. दुपारी सुकडी मिळायची, ती फडक्यात बांधून घरी धाकट्या बहिणीला आणायचे. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडं राहिलं. त्या खडीचा रस्ता आजही आहे. पण त्यांच्या गावात पाण्याचा एक थेंब त्या कामानं अडवला नाही. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला, बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाच्या कायद्याला तिनं पाया दिला. एका गावातून निघालेली गोष्ट दिल्लीपर्यंत पोचली. राज्याची आदर्श गाव योजनाही तशीच, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अनुभवातून १९९२ मध्ये उभी राहिलेली. हिवरे बाजार त्या योजनेत १९९४ मध्ये आलं.

म्हणजे मजूर तेच, मजुरी तीच, हजेरीपटही तोच. वडिलांच्या गावात दुष्काळानं काम ठरवलं. इथं आधी गावानं काम ठरवलं आणि मग त्याला बसणारी योजना शोधली. माझी सतरा वर्षं उलट्या बाजूनं गेली: योजना येते, तिचं उद्दिष्ट येतं, आणि मग गावात तिला बसेल असं काम मी शोधतो.

हल्ली कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो, ठिकाणासह, मोबाइलवर चढवावे लागतात. बोगस हजेरी थांबावी म्हणून हे आलं, आणि ती थांबायलाच हवी होती. पण डोंगरावर रेंज नसेल तर खरा घाम गाळलेल्या बाईचा दिवस बुडतो. असा दिवस मी तीनदा बघितला आहे, आणि त्या तिन्ही बायकांच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं आहे.

१०.००

खाली गावात. चहा. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आमच्या लोकांनी आधीच ऐकलेली होती. पुढे त्यात सिंचनासाठी बोअर न घेणं आणि उघड्यावर शौचाला न जाणं याची भर पडली. जमीन बाहेरच्याला विकायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हेही गावानं ठरवलेलं.

चराईबंदीवर आमच्यातला मेंढ्या असलेला शेतकरी अडला. जनावरं सोडायची नाहीत तर जगवायची कशी? त्याला गवताचा हिशेब सांगितला गेला. डोंगर बंद ठेवला, गवत विळ्यानं कापून न्यायचं ठरलं. २००० मध्ये सुमारे शंभर टन निघालेलं गवत २००४ मध्ये सहा हजार टनांवर गेलं. दूध दिवसाला दीडशे लिटरवरून हजारोंच्या घरात गेलं. तो ऐकून घेत होता, पण मान हलवत नव्हता. त्याची अडचण खरी आहे. ज्याच्याकडे गोठा आहे त्याला कापलेलं गवत पुरतं. ज्याचं सगळं रानावर चालतं त्याच्यासाठी बंदी आणि गवत यांच्यामधली दोन वर्षं कोण काढणार, हे आधी ठरायला हवं. माझ्या गावात चराईबंदीचा ठराव आणायचा झाला, तर पहिली ओळ त्या दोन वर्षांच्या चाऱ्याची लिहीन.

आणि नसबंदीच्या सूत्राबद्दल माझं मन स्वच्छ नाही. कुटुंब लहान असावं हे दवाखान्यानं, शाळेनं, आशाताईंनी पटवून द्यावं. ते गावाच्या नियमात बसवलं की त्याचं ओझं बाईच्या शरीरावर येतं. ताईंनीही परतताना हेच बोलून दाखवलं. दुसऱ्या गावाकडून शिकताना सगळंच उचललं पाहिजे असं नाही.

११.३०

पाण्याचा ताळेबंद. यासाठीच मी आलो होतो.

हिवरे बाजारला वर्षाला पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी. या शतकाच्या सुरुवातीपासून जिल्ह्याच्या भूजल यंत्रणेच्या मदतीनं गाव दर वर्षी पाण्याचा जमाखर्च मांडतं. पर्जन्यमापकावरचा पाऊस, निरीक्षण विहिरींची पातळी, आणि त्यावरून यंदा किती पाणी हाताशी आहे त्याचा अंदाज. पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याच्या पाण्याचा, मग घरच्या वापराचा. त्यानंतर जे उरतं त्यातलं सत्तर टक्के शेतीला आणि तीस टक्के पुढच्या वर्षासाठी जमिनीत ठेवायचं. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी, आणि हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं.

आमच्या गुरुजींना राहवलं नाही. त्यांनी वही काढली आणि हिशेब करायला बसले, सगळे त्यांच्याभोवती. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. चारशे मिलिमीटर पाऊस झाला तर शिवारावर पडलेलं पाणी जवळपास ३९० कोटी लिटर.

“एवढं?” ताई म्हणाल्या.

“एवढं. आता प्यायला किती लागतं बघा.” लोकसंख्या सव्वा हजार धरली. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. वर्षाला अडीच कोटी लिटर.

कोणीच काही बोलेना. गुरुजींनी आकडा पुन्हा तपासला. शिवारात पडणाऱ्या शंभर थेंबांतला एकसुद्धा थेंब पूर्ण लागत नाही, आणि आमच्या गावात उन्हाळ्यात हंडे रांगेला लागतात. अर्थात ३९० कोटी लिटर हाताशी नसतात. मोठा वाटा उन्हानं उडतो, बराचसा मातीत राहून पिकाच्या मुळांना लागतो, काही ओढ्यानं निघून जातो. विहिरीपर्यंत पोचतं ते थोडंच. तरी पिण्याच्या पाण्याची टंचाई पिण्यामुळे होत नाही, हे त्या वहीच्या पानावर इतकं उघडं दिसत होतं की माझ्या पोटात कालवलं. सतरा वर्षं मी टँकरच्या प्रस्तावात ‘अपुरे पर्जन्यमान’ हे दोन शब्द लिहीत आलो.

मग गुरुजींनी उसाचं मांडलं. मोकळ्या पाण्यावर हेक्टरभर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरच्या जवळपास पाणी जातं. म्हणजे सव्वा हेक्टर ऊस एका अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी पिऊन टाकतो. रब्बीची ज्वारी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात येते. आमच्याकडे ऊस फार नाही, पण बोअरवर डाळिंब आणि उन्हाळी कांदा आहे. नऊपैकी तिघांनी खाली मान घातली. त्यांना मी अपराधी म्हणणार नाही. त्यांना हा हिशेब आजवर कोणी दाखवलाच नव्हता, आणि दाखवायचं काम माझं होतं.

१.१५

पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, वर ताक. मेंढ्यांवाल्यानं ताकाचा तिसरा ग्लास मागितला आणि पहिल्यांदाच हसला.

२.००

जेवणानंतर रानात. एका बांधावर उभे राहून आमच्यातल्या एका तरुणानं विचारलं, “भाऊसाहेब, आपल्या मोबाइलमध्ये ई-पीक पाहणी आहे, त्याचा याच्याशी काही संबंध लागतो का?”

हा प्रश्न दिवसभरातला सगळ्यात मोलाचा. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पीक नोंदवतो. गट नंबर, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, आणि शेतात उभं राहून काढलेला फोटो. पूर्वी हे तलाठ्याच्या पेन्सिलीवर चालायचं. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि नोंद सातबाऱ्याच्या बाराव्या नमुन्यात थेट जाते. त्यावर पीकविमा, कर्ज, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी. आमचे लोक ते त्यासाठीच भरतात, आणि ते बरोबर आहे.

पण नीट बघितलं तर त्यात काय काय आहे? माझ्या गावातल्या प्रत्येक गटात कुठलं पीक, किती गुंठे, विहिरीवर की बोअरवर. पाण्याच्या ताळेबंदाची खर्चाची अख्खी बाजू. सरकारनं हे तंत्रज्ञान गावाच्या खिशात आणून ठेवलं, गावानं माहिती भरली, माहिती वर गेली, आणि ग्रामसभेपुढे ती बेरीज होऊन कधी आलीच नाही. प्रत्येकाला आपला गट दिसतो. गाव कोणालाच दिसत नाही.

जमेची बाजू म्हणजे पाऊस. तिथंही तसंच. राज्यानं महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि ते त्या केंद्रावर मोजतात. एका मंडळात दहा-पंधरा गावं. मंडळाचं केंद्र आमच्यापासून डोंगराच्या पलीकडे. मागच्या एका सप्टेंबरात आमच्या वरच्या वाडीत बांध फुटले, कपाशी झोपली, आणि केंद्रावर त्या दिवशी पाऊस नावालाच. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, “यंत्राला नाही दिसला, पण तुम्हाला तर दिसतोय ना?” मला दिसत होता. माझ्या दिसण्याला आकडा नव्हता.

गावचा स्वतःचा पर्जन्यमापक असता, शाळेच्या पोरांनी रोज सकाळी आठला वहीत लिहिलेलं असतं, तर नियम बदलला असता असं मी म्हणत नाही. पण अर्जाला जोडायला सलग नोंदींचं एक पान असतं. केंद्रं वाढवा हे मागायचंच. मागणी मागे घेऊ नये. तोवर वही सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही.

केंद्राची अटल भूजल योजना डिसेंबर २०१९ मध्ये सात राज्यांसाठी आली, महाराष्ट्र त्यात होता. तिच्यात गावानं जलसुरक्षा आराखडा करायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, लोकांनी पाणीपातळी मोजायची. वाचताना वाटतं, हिवरे बाजारच्या ग्रामसभेतून उठून कोणीतरी हे कागदावर उतरवलं असावं. असे आराखडे मी बघितले आहेत. सुबक छापलेले, रंगीत नकाशांचे. एका गावात तो कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बदलून गेलेल्या माणसाकडे.

३.४०

फोन. तालुक्याहून माहिती हवी, विहित नमुन्यात, पाचच्या आत. बांधावर बसून पाठवली. दुसरा फोन गावातून: एका बाईच्या खात्याचं ई-केवायसी अडलं, सरकारी मदतीचे महिन्याचे दीड हजार थांबलेत, अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा झिजतात. डोळ्याच्या बुबुळानं ओळख पटवायची सोय कुठल्या केंद्रावर आहे ते विचारून सांगितलं आणि उद्या मी स्वतः घेऊन जातो म्हणालो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना मुदती लावल्या, हे मोठं काम झालं; लोक आता तारीख सांगून दाखला मागतात. तिच्या अंगठ्याला मात्र मुदत कुठली लावायची?

४.३०

ताई इथल्या बायकांशी बोलत बसल्या होत्या, मी लांबून ऐकत होतो. पाणी, दूध, शाळा, नवऱ्याची दारू. मग कोरोनाचा विषय निघाला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गावानं पथकं केली, घरोघर तपासणी केली, बाधितांना वेळेत वेगळं ठेवलं. मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झालं आणि जूनमध्ये शाळा भरली. पुढे राज्यानं कोरोनामुक्त गाव स्पर्धाही काढली. ज्या गावाला दर वर्षी सगळ्यांसमोर पाणी मोजायची सवय आहे त्याला आजारी माणसं लपवावीशी वाटली नसणार, असं ताई म्हणाल्या. मला ते पटलं.

गरिबीचा आकडाही इथंच लिहून ठेवतो. १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० च्या सुमारास तीन. शहरात गेलेली कुटुंबं परत आली, आणि मला हे सगळ्यात मोठं वाटतं. माझ्या गावातून कोणी परत येत नाही. पाडव्याच्या आसपास ऊसतोडीहून येतात ते पुन्हा जाण्यासाठी.

६.००

परतीची जीप. आता सगळे एकदम बोलत होते. शेवटी गाडी बोअरवर आली.

राज्याचा कायदा आहे. १९९३ पासून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताला पाचशे मीटरच्या आत विहीर घ्यायची नाही. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला, त्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आमच्या शिवारात सहाशे-सातशे फुटांचे बोअर आहेत, आणि ते रात्री पाडले जातात. मी आजवर एकही थांबवू शकलो नाही. एकदा यंत्राच्या गाडीपुढे उभा राहिलो होतो. पहाटे तीनला एकट्यानं उभं राहिलं की कायदा केवढा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

डाळिंबवाला म्हणाला, “मी बोअर बंद केला तर शेजारचा करणार का? माझं कर्ज तो फेडणार का?” कोणी त्याला उत्तर दिलं नाही. मीही. हिवरे बाजारला हा नियम पाळता आला त्याला कारणं आहेत. गाव लहान. शिवार डोंगरानं वेढलेलं. चर आधी झाले, विहिरींना पाणी आधी आलं, मग बोअर सोडायचा शब्द मागितला गेला. आणि एकच नेतृत्व तीन दशकं टिकलं. २०२१ च्या जानेवारीत तिथं जवळपास तीस वर्षांनी ग्रामपंचायतीचं मतदान झालं आणि पवारांच्याच बाजूला सगळ्या जागा मिळाल्या. पोपटराव पवारांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो योग्यच. पण प्रत्येक गावाला असा माणूस मिळेल या भरवशावर राज्याला योजना चालवता येणार नाही. आमच्याकडे सरपंचपदाचं आरक्षण पाच वर्षांनी फिरतं, मी काही वर्षांनी बदलतो. टिकायचं तर ते माणसात टिकणार नाही, लिहिलेल्यात टिकेल.

घाटाच्या अलीकडे ताई म्हणाल्या, “भाऊसाहेब, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बोअरचा विषय नको. भांडणं होतील. नुसती बेरीज मांडू. गावात किती कांदा, किती डाळिंब, किती पाणी. त्याच्या आधी महिलांची सभा होईल, तिथं मी आधी मांडते.”

मी म्हणालो, ई-पीक पाहणीची गावाची यादी महसूल अधिकाऱ्यांकडून घेतो. गुरुजी म्हणाले, पोरं गुणाकार करतील. डाळिंबवाला खिडकीबाहेर बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “माझं क्षेत्र नीट लिहा. दीड एकर आहे, दोन नाही.”

९.१५

गाव. जीप रिकामी झाली. मी घराकडे वळलो नाही. शिपायाला म्हटलं, पंचायतीतली बांधकामाची मोजपट्टी घे, बॅटरी घे, चल.

सार्वजनिक विहीर गावाच्या खालच्या अंगाला. पट्टीच्या टोकाला दगड बांधून सोडला. पाण्याचा आवाज आला तेव्हा पट्टी घट्ट धरली. दोघांनी दोनदा वाचलं. नऊ मीटर चाळीस.

“हे कोणाला पाठवायचं, भाऊसाहेब?” त्यानं मोबाइल काढला होता.

“कोणाला नाही. पंपघराच्या भिंतीवर लिही.”

त्यानं खडूचा तुकडा शोधून आणला. आधी तारीख लिहिली, मग ९.४०, मग त्याच्याखाली एक रेघ ओढली आणि रेघेखाली पुढच्या महिन्याची तारीख लिहून जागा मोकळी सोडली.